सरळ केलेला खांदा

कार्ट्रिज कागदावर पेन्सिलीने केलेला एक फिगर स्टडी. साठीच्या आसपासची बाई लाकडी स्टुलावर बसली आहे. लुगडं, पदर कमरेला खोचलेला, हात गुडघ्यांवर टेकलेले, पाय अनवाणी. काढणारा मुलगा बीड जिल्ह्यातला, माझ्याच शाळेतून पुढे कलामहाविद्यालयात गेलेला, दुसऱ्या वर्षाला आहे. काम चांगलं आहे. लुगड्याच्या चुण्या त्याने २बीच्या तिरक्या रेघांनी सोडवल्यात, मनगटावरच्या शिरा घाई न करता घेतल्यात, आणि पायाचा अंगठा व शेजारचं बोट यांच्यातली रुंद फट त्याच्या नजरेतून सुटलेली नाही. आयुष्यभर चप्पल न घातलेल्या पायाला ती फट असते. पण उजव्या खांद्यापाशी कागदाचा पोत बिघडलाय. तिथे आधी एक रेघ होती. ती खोडरबराने घासून काढून दोन बोटं वर नवी रेघ मारली आहे. खाली कोपऱ्यात मुलाची सही, तारीख, 'लेबर वूमन' असं शीर्षक आणि लाल शाईत 'बी प्लस'.

"खांदा सरांनी वर घेतला," मुलगा म्हणाला. "म्हणले, दोन्ही खांदे एका लेव्हलला पाहिजेत, ड्रॉइंग चुकलंय. पण सर, तिचा खांदा तसाच होता."

ही बाई बांधकामावर घमेली वाहणारी. त्याआधी बरीच वर्षं ऊसतोडीला जायची. तिचा खांदा उतरलेला होता हे मुलाला दिसलं आणि सरांना दिसलं नाही, यात नवल नाही. सर शरीररचनेच्या पुस्तकातून बघत होते, मुलगा त्याच्या गल्लीतून बघत होता. पुस्तकात खांदे सरळ असतात. माझा या लेखातला मुद्दा या खोडलेल्या रेघेपासून सुरू होतो. आपल्या कलाशिक्षणात माणसाचं चित्र काढायला शिकवतात. पण तो माणूस कुठून येतो, किती पैशांवर बसतो, त्याचं शरीर असं का झालंय आणि चित्रावर त्याचा काही हक्क पोचतो का, हे सगळं शिक्षणाबाहेरचं मानलं जातं. ते शिक्षणातलंच आहे, आणि मराठवाड्यात तर आधी शिकवावं असं आहे.

फिगर स्टडी म्हणजे नुसतं कौशल्य नव्हे, ती एक व्यवस्था असते. एक जण बसतो, वीस-तीस जण त्याच्याकडे बघतात. बघणाऱ्यांना डाँकी (बसून चित्र काढायचा बाक) आहे, बोर्ड आहे, मार्क आहेत, पुढे प्रदर्शन आहे. बसणाऱ्याला दिवसाची मजुरी. बघणारा मध्येच उठून चहाला जाऊ शकतो. बसणारा हलला तर 'मावशी, मान तशीच ठेवा' असा आवाज येतो. या व्यवस्थेत कोण बसतं? ज्याला दुसरीकडे त्या दिवशी काम मिळालं नाही, तो. मॉडेल पाहिजे म्हटलं की शिपाई सकाळी मजूर अड्ड्यावर जातो. नऊ-साडेनऊ वाजेपर्यंत धडधाकट गडी मुकादमांनी उचललेले असतात. मागे राहतात म्हातारे, आजारातून उठलेले, एकट्या बायका. त्यांच्यातलं एक माणूस रिक्षात बसवून वर्गात आणलं जातं. ऊन-पावसात काम नाही, बसायचंच आहे, असं त्याला सांगितलं जातं. म्हणजे आपले विद्यार्थी जो 'मानवी देह' शिकतात तो आधीच बाजाराने नाकारलेला देह असतो, आणि त्याच्या मोजमापाला मात्र वापरतात ते सुदृढ युरोपीय देहाचं माप.

ते माप कुठून आलं हा इतिहास मोठा आहे, मी धावता घेतो. मुंबईचं सर जे. जे. कलाविद्यालय १८५७ मध्ये सुरू झालं. सुरुवातीची कितीतरी वर्षं तिथली मुलं ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून माणूस शिकत होती. १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन तिथे प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी जिवंत, विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास करण्यावर भर दिला. पुतळा जाऊन माणूस आला; पण पुतळ्याचं माप तसंच राहिलं. उंची डोक्याच्या साडेसात पट, आदर्श असेल तर आठ पट, खांद्याची रुंदी एवढी, कोपर अमुक ठिकाणी. आपल्याकडे शास्त्र नव्हतं असंही नाही. शिल्पशास्त्रातलं ताल आणि अंगुळांचं गणित आहेच, विष्णुधर्मोत्तर या जुन्या ग्रंथातला 'हंस' पुरुष १०८ अंगुळांचा. पण तेही देवांचं आणि राजांचं माप. घमेलं वाहणाऱ्या बाईचं माप कुणाच्याच ग्रंथात नाही, हे दोन्ही परंपरांचं एकमत म्हणायचं.

माप वापरूच नये असं मी म्हणत नाही. मीही नववीच्या मुलांना डोक्यांचा हिशोब शिकवतो, त्याशिवाय हात गुडघ्यापर्यंत लांबतात. पण माप कशासाठी असतं? समोरचा माणूस मापापासून कुठे आणि किती वेगळा आहे हे कळावं म्हणून. तो फरक खोडून टाकायचा असेल तर मॉडेल बोलावलंच कशाला? प्लास्टरचा पुतळा मजुरी मागत नाही.

हा फरक म्हणजेच सामाजिक संदर्भ. तो चित्राच्या मागे नसतो, चित्राच्या आत असतो, हाडात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. ती मोठी होतील तेव्हा साडेसात डोक्यांत बसतील का? बीडच्या ऊसतोड कामगारांचं बघा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसं दोन, हत्यार एक, आणि हिशोबाच्या वहीत नाव त्या हत्याराचं. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीच्या सुमारास फडावर जायचं. ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. बाई पाळीच्या दिवसांतही चढते, दिवस गेलेले असले तरी चढते, कारण खाडा पडला की दंड. २०१९ मध्ये या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळापर्यंत गेला. शासनाच्या समितीने केलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हा आकडा पेन्सिलीने काढता येत नाही हे मला कबूल आहे. पण त्यांच्यातली एखादी तासभर स्टुलावर बसली तर कमरेवर हात ठेवून बसते, पाय एकमेकांवर घेत नाही, उठताना आधी पुढे वाकते. ते काढता येतं. दिसलं तर.

आणि दिसलं की शिक्षक ते दुरुस्त करतात.

माणसाला नमुना करण्याची सवय आपल्याला जुनीच आहे. जे. जे. मध्ये शिकवणारे लॉकवुड किपलिंग यांनी १८७० च्या सुमारास कारागिरांची सुंदर रेखाटनं केली: सुतार, विणकर, कुंभार. हात अप्रतिम, हत्यारं अचूक, आणि खाली माणसाचं नाव नाही, धंद्याचं. आपले चित्रकार म. वि. धुरंधर तर पुढच्या पिढीतले मोठे रेखाटनकार. त्यांनी एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकासाठी भारतीय स्त्रियांची चित्रं काढली तेव्हा खालची शीर्षकं जातींच्या आणि प्रांतांच्या नावांनी आली. साहेबाला प्रजेची यादी हवी होती, चित्रकाराने ती देखणी करून दिली. साहेब गेला. 'लेबर वूमन' हे शीर्षक राहिलं, इंग्रजीसकट.

आज त्या यादीत एकच नमुना जोरात आहे: सुरकुतलेला म्हातारा. फेटा, पांढरी दाढी, कपाळावर आठ्यांचं जाळं, डोळ्यात पाण्याचा एक चमकदार ठिपका, तो ठिपका तर खोडरबराच्या टोकाने उचललेला. जिल्हास्तरीय स्पर्धा असो, मोबाइलवरचं पान असो, राज्य प्रदर्शनाचा विद्यार्थी विभाग असो, हा म्हातारा सगळीकडे. त्याला नावं ठरलेली असतात: 'प्रतीक्षा', 'बळीराजा', 'वेदना'. पेन्सिलवाल्यांना तो का आवडतो ते मी सांगतो, कारण मीही तो पुष्कळ काढलाय. सुरकुती सोपी असते. जिथे रेघच रेघ आहे तिथे चूक लपते, आणि बघणारा 'काय बारीक काम आहे!' म्हणतो. विशीतल्या पोरीचा गुळगुळीत गाल काढून दाखवा, मग कळेल शेडिंग येतं की नाही. पण कौशल्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की हा म्हातारा 'नको' म्हणत नाही. बस स्टँडवर बसलेला असतो, आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेऊन बसलेला असतो. समोर एक पोरगा पॅड घेऊन उभा राहिला तर तो फार तर विचारतो, "कशाला काढायलास बाबा माझं?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे बघतो.

आता उलट बाजू बघा. पेन्सिल घेऊन तलाठ्याचा फिगर स्टडी कुणी केलेला तुम्ही पाहिलाय? मुकादमाचा? साखर कारखान्याच्या संचालकाचा, खताच्या दुकानदाराचा, जिल्हा बँकेच्या शाखाधिकाऱ्याचा? यांचीही शरीरं असतात, चांगली अभ्यास करण्यासारखी असतात. त्यांचं पोट, त्यांची बसण्याची ढब, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला हात, हे सगळं एका उतरलेल्या खांद्याशी जोडलेलं आहे. पण त्यांची चित्रं होतात ती तैलरंगात, ऑर्डर देऊन, सोनेरी चौकटीत. कुठल्याही शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात जा. संस्थापकांचं तैलचित्र असतं, खाली पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची तारीख, वर हार. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कलावर्गाच्या भिंतीला टाचणीने लावलेली 'लेबर वूमन'. एकाच छताखालच्या या दोन चित्रांतला फरक माध्यमाचा नाही. एकाने चित्रकाराला पैसे दिले, दुसरीला चित्रकाराने दिले. ज्याने पैसे दिले त्याचं नाव लागलं.

बाहेरचं एक उदाहरण मला फार उपयोगी वाटतं. १८८२ मध्ये हेग शहरात व्हॅन गॉग माणूस काढायला शिकत होता. मॉडेलला द्यायला पुरेसे पैसे नाहीत ही त्याची कायमची रड, म्हणून तो एका वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना बसवायचा. त्यातला एक खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही मुठींत डोकं धरून बसलेला आहे. नुसती पेन्सिल, नोव्हेंबर १८८२ चं चित्र. त्या आश्रमात राहणाऱ्यांना बाहीवर क्रमांक लावावा लागे. या म्हाताऱ्याचा क्रमांक १९९, आणि व्हॅन गॉगने तो पत्रात लिहून ठेवला. पुढे अभ्यासकांनी त्या क्रमांकावरून आश्रमाच्या नोंदी शोधल्या आणि नाव सापडलं: अड्रियानस झाउडरलांड. २०२१ मध्ये याच चित्राचा एक आधीचा अभ्यास उजेडात आला, तेव्हा जगभरच्या बातम्यांत चित्रकाराबरोबर बसणाऱ्याचंही नाव छापून आलं. व्हॅन गॉग फार सामाजिक जाणिवेचा होता म्हणून हे झालं असं मला म्हणायचं नाही. त्याने नोंद केली, एवढंच. आपल्या कलावर्गात एक साधी वही ठेवली असती तर गेल्या पन्नास वर्षांतल्या कित्येक 'लेबर वूमन' आज नावानिशी सांगता आल्या असत्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून मराठवाड्यात शासकीय कला महाविद्यालय आहे, पुढे गावोगाव खासगी ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) आणि फाउंडेशनचे वर्ग निघाले. हजारो फिगर झाल्या असतील. त्या फिगर म्हणजे या भागाच्या कष्टकरी शरीराचा दस्तऐवज आहे, फक्त त्याला नाव-गाव नाही.

दुसरं उदाहरण घरचं म्हणावं असं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद मिदनापूरमधून पायी फिरला. त्याने भुकेली माणसं काढली, आणि चित्रांसोबत त्यांची नावं, गावं, त्यांच्यावर काय गुदरलं हे लिहिलं. पुस्तिका निघाली, इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. 'एक भुकेला बंगाली' अशा मोघम चित्राची सरकारला एवढी भीती वाटली असती असं मला वाटत नाही. नाव-गाव असलं की चित्र साक्ष होतं. चित्तप्रसाद पुढे मुंबईत अंधेरीला राहिला, वर्षानुवर्षं. आपल्या कलामहाविद्यालयांच्या तोंडी परीक्षेत मात्र त्याच्याविषयी विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती खरी आहे. नाव लिहा म्हणणं सोपं, पण बसणाऱ्याला नाव नको असतं. विशेषतः बाईला. 'कॉलेजात बसायला जाते' हे वाक्य वस्तीत गेलं की त्याचं काय होतं हे सांगायला नको. पूर्ण लुगड्यात, डोक्यावर पदर घेऊन बसलेली बाईसुद्धा घरी सांगताना 'कॉलेजात झाडलोट करते' असं सांगते. मग नाव लिहून आपण तिचं भलं करतोय की वाटोळं? या प्रश्नाला मी एकच उत्तर देतो: तिला विचारा. नाव लिहायचं, नुसतं पहिलं नाव लिहायचं, की काहीच लिहायचं नाही, हे तिने ठरवायचं. आज नाव नसतं ते तिने 'नको' म्हटलं म्हणून नव्हे, कुणी विचारलंच नाही म्हणून. गुप्तता तिने मागितली तर ती तिची. आपण न विचारता दिली तर तो आपला आळस.

आणि इथेच आपल्या सार्वजनिक वादांचा ढोंगीपणा उघडा पडतो. मानवाकृतीवर महाराष्ट्रात जेव्हा जेव्हा वाद झाला तेव्हा तो कपड्यांवर झाला. १९५४ मध्ये जहांगीर कलादालनात अकबर पदमसींच्या चित्रांवर अश्लीलतेचा खटला झाला, कोर्टाने त्यांना सोडलं. तेव्हापासून आजतागायत तोच वाद: किती अंग दिसतं, संस्कृतीला ते चालतं का, कलाकाराला मोकळीक किती. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, आणि दोन्ही बाजूंना बसणाऱ्या बाईच्या मजुरीशी देणंघेणं नसतं. संस्कृतीरक्षक तिला झाकायला निघतो, स्वातंत्र्यवादी तिला उघडं ठेवायला. तिला किती मिळाले हे दोघंही विचारत नाहीत. मराठवाड्यात विवस्त्र मॉडेलचा प्रश्न जवळजवळ येतच नाही. इथे प्रश्न पूर्ण कपड्यातल्या माणसाचा आहे, म्हणून त्यावर वादही होत नाही.

मजुरीचं बोलू. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. मॉडेलला याच्या आसपास काहीतरी मिळतं, कधी कमी, कधी दुपारचा डबा धरून, आणि अर्धा दिवस बसवलं तर अर्धंच. 'नुसतं बसायचंच तर आहे' हा त्यामागचा हिशोब. ज्यांना असं वाटतं त्यांनी वीस मिनिटं न हलता बसून बघावं, मान किंचित वळवून, नजर एका ठिकाणी. पाचव्या मिनिटाला नाक खाजतं, दहाव्याला पायाला मुंग्या, पंधराव्याला मानेत कळ. स्थिर बसणं हे शिकावं लागणारं काम आहे. अनुभवी मॉडेल विश्रांतीनंतर नेमक्या त्याच पोझमध्ये परत बसतं, पदराची चुणीसुद्धा तिथेच आणतं. नवखं माणूस बसलं की अर्ध्या वर्गाची चित्रं वाया जातात. शिक्षकांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून चांगलं मॉडेल मिळालं की ते पुन्हा पुन्हा त्यालाच बोलावतात. म्हणजे कौशल्य मान्य आहे, दर मात्र अकुशलाचा. बिलाच्या फाइलीत ही रक्कम कुठे दाखवतात? मी पाहिलेल्या एका ठिकाणी ती 'किरकोळ' या सदरात होती, टाचण्या आणि फिनाइल यांच्या सोबत.

कुणी म्हणेल, मोठमोठे प्रश्न पडलेत, कर्जमाफी आहे, पाणी आहे, आणि तुम्ही चार-दोन मॉडेलच्या पैशांचं घेऊन बसलात. मॉडेल चार-दोनच आहेत, खरं. पण या वर्गातून बाहेर पडणारा मुलगा पुढे काय करतो? ए.टी.डी. झालेला शाळेत शिकवतो, नोकरी मिळाली तर. बाकीचे फ्लेक्स डिझाइन करतात, निवडणुकीत भिंती रंगवतात, पुतळ्यांची कामं घेतात, सरकारी योजनांच्या जाहिरातींत शेतकरी काढतात. गावात माणसाचं चित्र कसं दिसावं हे तेच ठरवतात. त्या योजनेच्या जाहिरातीतली गुबगुबीत, हसरी, खांदे सरळ असलेली शेतकरीण कुठून येते? दुसऱ्या वर्षाच्या त्या दुरुस्तीतून येते.

शाळेत तर त्याहून गंमत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना खेड्यापाड्यातली मुलं बसतात, इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण आहेत म्हणून तर हल्ली जास्तच. त्यात वस्तुचित्र समोर ठेवून काढायचं असतं: तांब्या, वांगं, डबा. माणूस मात्र स्मरणचित्रात येतो, म्हणजे आठवून. वांगं बघून काढायचं आणि आई आठवून! त्यामुळे मुलं पाठ केलेली माणसं काढतात, मार्गदर्शक पुस्तकातली, सगळी एकाच साच्याची. माणसाकडे निरखून बघावं असं दहावीपर्यंत आपण मुलाला एकदाही सांगत नाही. सांगणार कोण? शिक्षणहक्क कायद्याच्या २००९ च्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीला पट शंभरच्या वर असेल तरच कलेचा निदेशक, तोही अंशकालीन. आमच्याकडच्या वाडी-तांड्यांवरच्या शाळांचा पट शंभरावर जाणार कधी?

मी एकदा हंगामी वसतिगृहातल्या मुलांबरोबर बसलो होतो. आई-बाप फडावर गेले की ही मुलं गावात मागे राहतात. त्यांना म्हटलं, घरातलं कुणीतरी काढा. एका मुलीने आई काढली, डोक्यावर मोळी. मान जवळजवळ नव्हतीच. डोकं थेट खांद्यात घुसलेलं, आणि दोन्ही हात वर सरळ काठीसारखे. कुठल्याही परीक्षकाने हे प्रमाण चुकलं म्हणून गुण कापले असते. मी तिला विचारलं, मान का नाही काढलीस? ती म्हणाली, "मोळी असली की दिसत नसतीय." तिने कोणतंही पुस्तक वाचलेलं नव्हतं. तिने बघितलं होतं.

मला ज्या दिशेने जायचंय ती हीच. मराठवाड्याने एक गोष्ट साहित्यात करून दाखवलेली आहे. ज्यांच्याविषयी इतर लोक लिहीत होते ते स्वतः लिहायला लागले. साठच्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक सुरू झालं, आणि कथेतला दयनीय पात्र म्हणून येणारा माणूस मुखपृष्ठावर लेखक म्हणून आला. चित्रकलेत ही उलथापालथ अजून नीट झालेली नाही. ऊसतोड कामगाराचा मुलगा कलामहाविद्यालयात येतो, आणि तिथे त्याला आपल्याच आईचा खांदा सरळ करायला शिकवतात. तो शिकतोही, कारण त्याला 'ए' हवा असतो. तीन वर्षांनी तोही सुरकुतलेला म्हातारा काढून त्याला 'वेदना' नाव देतो.

आक्षेप आणखी एक, आणि तो कलाकारांकडूनच येतो: परवानग्या, नोंदी, दर असलं कारकुनी प्रकरण आणलं की रेखाटन मरेल. स्टँडवर भराभर स्केचिंग करणारा पोरगा प्रत्येकापुढे फॉर्म धरणार का? नाही. गर्दीतल्या दोन मिनिटांच्या स्केचला परवानगी लागत नाही, लागूही नये. तिथे ओळखच उरत नाही. पण एखाद्याचा चेहरा तास-दोन तास निरखून काढला, तो स्पर्धेला पाठवला, विकला, मोबाइलवर टाकून हजारोंची वाहवा घेतली, तिथे हिशोब बदलतो. तिथे त्या माणसाला कळलं पाहिजे, आणि विकलं गेलं तर त्याच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे. किती, यावर भांडू या. काहीच नाही, यावर नको.

करायचं म्हटलं तर हे महाग नाही. महिन्यातून पाच पूर्ण दिवस मॉडेल बसवलं आणि रोजगार हमीच्या त्या ३१२ रुपयांच्याच दराने पैसे दिले तरी १,५६० रुपये होतात. तीस जणांच्या वर्गात माणशी ५२ रुपये. कौशल्य मान्य करून दुप्पट दर दिला तर १०४. तो विद्यार्थ्यांच्या खिशातून न घेता संस्थेने द्यावा आणि 'किरकोळ'मधून काढून 'अध्यापन' या सदरात टाकावा. वर्गात एक नोंदवही असावी: तारीख, बसणाऱ्याने सांगितलेलं नाव किंवा 'नाव नको', किती वेळ, किती पैसे, अंगठा किंवा सही. बसणाऱ्याला हवी असेल तर चित्राची झेरॉक्स द्यावी, ते तर आजच सुरू करता येईल. कला संचालनालयाने राज्य प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागाच्या प्रवेशिकेत, जिथे माध्यम, आकार आणि किंमत विचारतात, तिथे आणखी एक ओळ वाढवावी: चित्रातील व्यक्तीची संमती घेतली आहे काय. परीक्षकांनाही एक सूचना जावी, की प्रमाण चुकलं म्हणून गुण कापण्याआधी विद्यार्थ्याला बोलावून विचारायचं, बसलेलं माणूस कसं होतं.

त्या मुलाला मी सांगितलं, चित्र आहे तसं राहू दे, पण मागच्या बाजूला बाईला विचारून तिचं नाव लिही आणि खांदा खरा कसा होता त्याचं एक छोटं रेखाटन कर. तो पुढच्या आठवड्यात गेला तेव्हा ती कामावर नव्हती. कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता आणि ती लेका-सुनेबरोबर फडावर गेली होती, नातवंडं सांभाळायला. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततील तेव्हा त्याचं पुढचं सत्र चालू असेल. नव्या सत्राच्या मॉडेलसाठी त्याच्या कॉलेजने अजून दर ठरवलेला नाही.